घरातली काच : कचरा की कच्चा माल?

बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला सह्या आणि अंगठे ओळखण्याची सवय लागते. मला या नोकरीत वीस वर्षे झाली. काही महिन्यांपूर्वी साठीच्या पुढच्या एक मावशी पैसे काढायला आल्या. सही येत नव्हती म्हणून अंगठा घ्यायचा होता. त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला, पण यंत्र काही तो ओळखेना. दोनदा झाले, तीनदा झाले. मागे रांग वाढत होती. आम्ही सगळेच म्हणतो तसे मीही सवयीने म्हणालो, "मावशी, हात पुसून घ्या." त्यांनी पदराला अंगठा पुसला आणि काचेच्या फटीतून माझ्यासमोर धरला. पेरावरून आडवा, पांढरा, जाड वण गेला होता.

"बाटली लागली व्हती साहेब, कचऱ्यात. फुटकी. सहा टाकं पडलं. पुसून वण जातोय व्हय?"

पासबुकावरचा फोटो पाहून, अधिकाऱ्यांची सही घेऊन त्यांचे पैसे आम्ही दिले. त्या गेल्या. मी मात्र दिवसभर अस्वस्थ राहिलो, कारण त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी फुटली होती. तिचे तुकडे केरसुणीने गोळा करून, एका पातळ पिशवीत भरून, मी स्वतः ते बादलीत टाकले होते. पिशवीला गाठ मारली की आपले काम संपले, असे मला वाटले होते. ती गाठ पुढे कोणी सोडली असेल? कोणत्या हाताने?

या प्रश्नाने मला घरातल्या काचेविषयी वाचायला आणि विचारायला भाग पाडले. मी कला शाखेचा पदवीधर आहे, विज्ञानाचा जाणकार नाही. तरी जे समजले ते सभासद बंधू-भगिनींसमोर आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांसमोर साध्या शब्दांत मांडावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

काच म्हणजे काय?

काच ही मुळात वाळू आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. बाटल्यांच्या काचेत सत्तर टक्क्यांहून अधिक भाग सिलिका म्हणजे शुद्ध पांढरी वाळू असते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे परिसरात अशा सिलिका वाळूच्या खाणी आहेत. नुसती वाळू वितळवायची तर फार प्रचंड उष्णता लागते. ती कमी लागावी म्हणून वाळूत सोडा ॲश मिसळतात. पण केवळ या दोघांची काच पाण्यात विरघळू लागते, म्हणून तिसरा घटक चुनखडी. हे मिश्रण भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की मधासारखा दाट, लालभडक रस तयार होतो. पाणी १०० अंशाला उकळते हे ध्यानात घेतले म्हणजे ही आच किती असेल याची कल्पना येईल.

रंगाचेही शास्त्र आहे. वाळूत लोहाचा अंश असला तर काचेला हिरवट झाक येते. लोह, गंधक आणि कार्बन यांच्या योगाने ती तपकिरी होते. औषधाच्या बाटल्या तपकिरी असतात त्या शोभेसाठी नव्हे. प्रकाशाने औषध बिघडू नये म्हणून त्या तशा करतात.

महाराष्ट्राचे आणि काचेचे नाते जुने आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीचा कारखाना सुरू झाला. तेथला 'प्रभाकर' कंदील खेडोपाडी पोहोचला. आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांनी राखेने पुसलेल्या कंदिलाच्या काचेआडच्या उजेडात अक्षरे गिरवली आहेत. काचेची एक वस्तू घरात आली की तिला किती जपत, हे त्या पिढीला विचारावे.

बाटलीची पुन्हा बाटली कशी होते?

कागद पुन्हा पुन्हा लगद्यात घातला की त्याचे तंतू आखूड होत जातात आणि शेवटी तो निकामी होतो. प्लास्टिकचा दर्जाही प्रत्येक वेळी खालावतो. काचेचे तसे नाही. काच वितळवून केलेली बाटली पहिल्या बाटलीइतकीच चांगली होते आणि हे कितीही वेळा करता येते. उलट तीच बाटली मातीत पुरली तर हजारो वर्षे तशीच पडून राहील. ती कुजत नाही आणि तिचे खतही होत नाही.

जमा झालेली काच कारखान्यात आली की आधी तिची निवड होते. लोखंडी झाकणे लोहचुंबकाने काढतात. चिनीमाती, दगड, ॲल्युमिनियम बाजूला करतात. काच रंगाप्रमाणे वेगळी करतात, कारण हिरवी व तपकिरी काच मिसळली तर पांढरी बाटली होऊ शकत नाही. मग ती धुऊन, दळून, नव्या वाळू-सोड्याच्या मिश्रणात घालून भट्टीत सोडतात. रसाचा गोळा साच्यात पडतो, हवेच्या दाबाने फुगतो आणि बाटली तयार होते. ती एकदम थंड होऊ दिली तर तडकते, म्हणून लांबलचक बोगद्यातून हळूहळू निववत आणतात.

यात बचत कशी होते? कच्चा माल वितळताना जी रासायनिक क्रिया व्हावी लागते ती जुन्या काचेच्या बाबतीत आधीच होऊन गेलेली असते. म्हणून जुनी काच कमी उष्णतेत वितळते. मिश्रणात दर १० टक्के जुनी काच वाढवली की भट्टीची ऊर्जा सुमारे अडीच ते तीन टक्के वाचते. दुसरे असे की सोडा ॲश आणि चुनखडी तापली की त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायू निघून धुराड्यावाटे जातो. त्यामुळे १ टन काच मिळवायला सुमारे १.२ टन कच्चा माल लागतो. जुनी काच वापरली तर हा वरचा वायू निघतच नाही.

हिशेबाची सवय असल्याने एक साधे गणित मांडतो. समजा, आपल्या संस्थेची १०० कुटुंबे आहेत आणि प्रत्येक घरातून महिन्याला फक्त २ रिकाम्या बरण्या निघतात. एक बरणी पाव किलोची धरली तर वर्षाला २,४०० बरण्या, म्हणजे ६०० किलो काच झाली. ती भट्टीत गेली तर सुमारे ७२० किलो वाळू, सोडा आणि चुनखडी वाचली. खाणीत तेवढा खड्डा कमी पडला. एका वस्तीच्या हातून होणारे हे काम आहे.

वितळवण्याआधी पुन्हा वापर

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाटली फोडून वितळवणे चांगले, पण ती न फोडता धुऊन पुन्हा भरणे त्याहून चांगले, कारण मग भट्टीच पेटवावी लागत नाही. मुंबईत आरे दुधाच्या काचेच्या बाटल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आठवत असेल की रिकामी बाटली केंद्रावर द्यायची आणि भरलेली घ्यायची. गोटी सोड्याच्या बाटलीची रचना इंग्लंडमध्ये हायरम कॉड यांनी १८७२ साली केली. ती बाटलीही दुकानदार गिऱ्हाईकाच्या हातून परत घेत असे आणि पुन्हा भरत असे. बिअरच्या बाटल्याही गोळा होऊन, धुतल्या जाऊन पुन्हा भरल्या जातात. पाचवे शील पाळणाऱ्या घरात त्या नसतील, नसाव्यातच, परंतु भंगारवाल्याच्या दुकानात त्यांचा ढीग का असतो हे यावरून कळेल.

या संदर्भात विनयपिटकातील एक प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना ५०० चीवरे दान दिली. एका भिक्खूला एवढी वस्त्रे कशाला, अशी राजाला शंका आली. त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले की ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय, असे राजाने विचारले. त्यांच्या चादरी होतील. जुन्या चादरींच्या गादीच्या खोळी होतील, खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी आणि पायपुसण्यांची धूळ झटकायची फडकी. आणि फडकी फाटली की? ती कुटून, चिखलात मळून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रसंग आहे. दान मिळालेल्या वस्तूचा शेवटपर्यंत हिशेब ठेवणे हा तेव्हा शिस्तीचा भाग होता. आपल्या घरातल्या बरणीला हाच नियम लावून पाहावा. जॅमची बरणी आधी मसाल्याची, मग खिळे-बटणांची आणि शेवटी भट्टीची.

मधला दुवा : वेचणारे हात

आपली बाटली आपोआप भट्टीत जात नाही. तिला तेथपर्यंत नेणारी एक साखळी आहे. वेचणारी बाई, वस्तीतला भंगारवाला, रंगाप्रमाणे माल साठवणारा ठोक व्यापारी आणि शेवटी कारखाना, अशी ही साखळी. या साखळीत सर्वांत जास्त चालणारी, वाकणारी आणि सर्वांत कमी मिळवणारी व्यक्ती म्हणजे पहिली.

काचेचा व्यवहारही समजून घ्यावा. धड बाटली नगावर विकली जाते. ती फुटली की किलोवर जाते आणि किलोचा भाव अगदी कमी असतो. काच जड असते. कागद किंवा प्लास्टिकच्या तुलनेत तेवढेच ओझे वाहून तिचे फार थोडे पैसे येतात. म्हणून कित्येकदा फुटकी काच वेचलीच जात नाही आणि कचरा डेपोवर जाते. थोडक्यात, आपण घरात बाटली फोडून टाकली की तिची किंमत आपणच बुडवतो आणि वर वेचणारीच्या हाताला जखम देतो. धड बाटली वेगळी ठेवली तर तिला तिची मजुरी मिळते.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांचे मार्गदर्शन तिला लाभले. तिच्या सभासदांत बहुसंख्य महिला आणि त्याही दलित समाजातील. संघटनेने त्यांना ओळखपत्रे मिळवून दिली आणि महानगरपालिकेने ती मान्य केली. ज्या बाईला काल चोर समजून हटकले जात होते, तिच्या गळ्यात आज कामगार असल्याचा पुरावा आला. पुढे २००८ साली याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पालिकेचा करार झाला आणि घरोघर कचरा गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन नागरिकांवर घातले आणि कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले. काच सुक्या कचऱ्यात येते.

येथे मनातले बोलतो. माझ्या आत्याने उमेदीची काही वर्षे काच-पत्रा वेचला. माझ्या बी.ए.च्या एका वर्षाची फी तिच्या पैशांतून भरली गेली. आज मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात जॅम, सॉस, कॉफीच्या बरण्या येतात. बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्यातील अनेकांच्या घरात हे दिवस आले. त्याचा आनंद आहेच. परंतु तिसऱ्या मजल्यावरून टाकलेली काच खाली कोणाच्या हाती जाते, हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नसले तरी आपल्याला ठाऊक आहे. घाणीचे काम कोणाच्या वाट्याला यावे हे जन्मावरून ठरू नये, यासाठी आपल्या पूर्वजांनी लढा दिला. निदान ते काम करणाऱ्याला आपल्या हातून जखम होऊ नये, एवढे तर आपण करू शकतो.

घरी काय करावे?

पुढील गोष्टींना पैसा लागत नाही. फक्त सवय लागते.

१) रिकामी बाटली किंवा बरणी उरलेल्या पाण्याने विसळून, उपडी करून वाळवावी. खरकटे राहिले तर मुंग्या, माश्या होतात. बाहेर पडलेल्या बाटलीत पावसाचे पाणी साचले तर त्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते. झाकण काढून वेगळे ठेवावे.

२) धड काच वेगळ्या पिशवीत किंवा खोक्यात साठवावी. ती ओल्या कचऱ्यात मिसळू नये. 'जागा कमी लागते' म्हणून बाटली कधीही फोडू नये.

३) फुटकी काच जाड वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधावी. वर लाल पेनने मोठी फुली मारावी. 'काच' असे लिहिले तरी चालेल, पण ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही फुली कळते. खोके बादलीत न टाकता हातात द्यावे आणि तोंडाने सांगावे, "मावशी, यात फुटकी काच आहे."

४) सगळी काच एक नव्हे. आरसा, खिडकीची तावदाने, काचेचे पेले, ओव्हनमध्ये चालणारी भांडी, कपबशा हे बाटल्यांत मिसळू नये. त्यांचे घटक वेगळे असतात आणि वितळण्याचे तापमानही वेगळे असते. चिनीमातीचा एक तुकडा भट्टीत गेला तरी तो न वितळता नव्या बाटलीत खड्यासारखा राहतो आणि बाटली तेथेच फुटते.

५) ट्यूबलाइट, सीएफएल दिवे आणि जुने तापमापक यांत पारा असतो. इंजेक्शनच्या कुप्या व सुया यांनी संसर्गाचा धोका असतो. हा घातक कचरा आहे. तो वेगळा बांधून, सांगून द्यावा.

६) फिनेल, ॲसिड, रॉकेल कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. लहान मुलांचे अपघात अशाच बाटल्यांनी होतात. औषधाच्या बाटलीवरचे लेबल फाडून मगच ती द्यावी, म्हणजे तिच्यात बनावट माल भरला जाणार नाही.

७) बरणी पुन्हा वापरताना ती थंड असताना एकदम उकळते पाणी ओतू नये, ती तडकते. आधी कोमट, मग गरम, या क्रमाने धुवावी आणि उन्हात वाळवून मग लोणचे-मसाला भरावा.

विद्यार्थी मित्रांनी एक प्रयोग करावा. महिनाभर आपल्या घरातून निघणारी काच एका खोक्यात साठवावी. धड किती, फुटकी किती, कोणत्या रंगाची किती, हे वहीत लिहावे आणि किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करावे. शाळेच्या प्रकल्पासाठी हा उत्तम विषय आहे आणि आकडे तुमच्या स्वतःच्या घरचे असतील.

संस्थेसाठी एक सूचना

विहाराच्या आवारात तीन पिंपे ठेवावीत, पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच अशी. महिन्यातील एका रविवारी सभासदांनी वंदनेला येताना घरातल्या बाटल्या आणाव्यात. बुद्ध पौर्णिमा आणि १४ एप्रिलच्या कार्यक्रमात भोजनदानाच्या वेळी लोणच्याच्या, सरबताच्या बऱ्याच बाटल्या निघतात, त्यांचीही सोय होईल.

मात्र या काचेचे पैसे संस्थेच्या निधीत जमा करू नयेत, असे माझे नम्र मत आहे. आमच्या कार्यकारिणीत हा विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "चांगल्या कामासाठी चार पैसे मिळाले तर वाईट काय?" प्रश्न योग्य आहे. पण आपण बाटल्या थेट व्यापाऱ्याला विकल्या तर परिसरात वेचणाऱ्या बाईच्या रोजीतून त्या वजा होतात. तिच्याकडून काढून घेतलेल्या पैशांतून आपण वह्यावाटप केले, तर ते दान कोणाचे? म्हणून पिंपे आपली, शिस्त आपली, आणि माल मात्र आपल्या भागात काम करणाऱ्या मावशींचा, असे ठरावे. त्यांना तो निवडलेला, स्वच्छ आणि धड मिळेल. सम्यक आजीविका आपण स्वतःपुरती पाळतोच. दुसऱ्याची आजीविका थोडी सुकर करणे हाही त्याच मार्गाचा भाग मानावा.

त्या मावशी आजही दर महिन्याला बँकेत येतात. यंत्र कधी अंगठा घेते, कधी घेत नाही. मी आता "हात पुसा" म्हणत नाही. दुसरे बोट ठेवायला सांगतो. माझ्या घरात ओट्याखाली एक खोके आहे आणि खिळ्याला लाल पेन टांगलेले आहे. मुलीने खोक्यावर फुली मारताना विचारले, "बाबा, एवढी मोठी कशाला?" मी म्हणालो, "लांबून दिसायला पाहिजे."

आपल्या प्रत्येकाच्या ओट्याखाली असे एक खोके असावे, एवढीच विनंती.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.